बाटलीवरची मेणबत्ती: वाइनच्या रिकाम्या बाटलीपासून रांगडा स्टँड

पहिली बाटली मी तळापासून तोंडापर्यंत सुतळीने गुंडाळली होती. तिच्यावर लेस, लेसवर दोन कवड्या आणि वर पांढरी मेणबत्ती. पुण्यात कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये नवऱ्याचे ऑफिसातले चौघे जेवायला आले होते. मोठे दिवे बंद केलेले, सगळे कौतुक करतायत, मी आतल्या आत फुलतेय. दुसऱ्यांदा पोळ्या वाढेपर्यंत मेणबत्ती हळूच एका बाजूला कलली, मेण त्या बाजूने सुतळीत मुरत गेलं आणि बाटलीच्या गळ्यापाशी एक वेगळीच ज्योत उभी राहिली. सासूबाईंनी आमटीचं पातेलं बाजूला सारलं आणि ओला फडका टाकून ती विझवली. "एवढी मोठी वात मी समईतसुद्धा लावत नाही गं," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा आमटी वाढायला लागल्या.

त्या बोलल्या ते अगदी खरं होतं. ताग हा धागा, मेण हे इंधन. मेण प्यायलेली सुतळी ही वातच. आणि मेणबत्ती कलली नसती तर मेण एकाच बाजूने एवढं वाहिलंही नसतं. कलली का, तर मी तिला बाटलीच्या तोंडावर दोन थेंब मेण टाकून नुसती उभी केली होती. लेस लावायला दीड तास घातला होता, मेणबत्ती बसवायला दीड मिनिट.

त्यानंतर वीसेक बाटल्या करून झाल्या. काही घरात आहेत, बऱ्याचशा वाढदिवसांना वाटल्या. पहिल्यांदा करणाऱ्याला मी आधी हेच सांगते की हा सगळा उद्योग बाटलीच्या गळ्याचा आहे. मेणबत्ती घट्ट आणि सरळ बसली की नुसती उघडी हिरवी बाटलीसुद्धा टेबलावर शोभून दिसते. म्हणून खाली गळ्याबद्दल भरपूर आहे, रंगरंगोटीबद्दल थोडं.

बाटली कुठली घ्यायची

आमच्या घरी वाइन वर्षातून दोनदा, तीही कुणी आणली तर. त्यामुळे बाटल्या मागाव्या लागतात. सोसायटीच्या ग्रुपवर "वाइनच्या रिकाम्या बाटल्या हव्या आहेत" असं लिहिलं की पहिले दोन तास चिडीचूप. संध्याकाळी मात्र तीन घरांतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्या गुपचूप दाराशी येतात. ग्रुपवर लिहायचं नसेल तर भंगारवाल्या काकांना सांगून ठेवा, किंवा ओळखीच्या हॉटेलच्या मॅनेजरला. हॉटेलात शनिवार-रविवारी भरपूर बाटल्या निघतात, पण आधी सांगितलं असेल तरच त्या बाजूला राहतात. बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जुन्या धाटणीच्या बाटल्या मिळतात. तिथे घेताना तोंडाच्या कडेवरून बोट फिरवून बघा. बारीकसा टवका उडालेली बाटली घेऊ नका, गरम झाल्यावर तडा तिथूनच सुरू होतो.

नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची असते. आकार मुख्यतः दोन. एक चौकोनी खांद्यांची, म्हणजे अंग सरळ वर जातं आणि गळ्यापाशी एकदम आत वळतं. दुसरी उतरत्या खांद्यांची, गळ्यापासून पोटापर्यंत घसरगुंडीसारखी. मेणाचे ओघळ हवे असतील तर हा फरक फार महत्त्वाचा. चौकोनी खांद्यावर मेण अडतं आणि तिथे जाड गळपट्टा तयार होतो. उतरत्या खांद्यावर ओघळ अखंड खालपर्यंत जातात. मला दुसरी आवडते. सुतळी गुंडाळायची असेल तर मात्र चौकोनी खांद्यांचीच सोपी, कारण उतारावर सुतळी घसरते आणि नवशिक्याचा धीर सुटतो.

बुडबुडेवाल्या वाइनची बाटली सगळ्यात दणकट. आतला दाब सोसायला तिची काच जाड केलेली असते, त्यामुळे ती नुसती ठेवली तरी डुगडुगत नाही. मिळाली तर सोडू नका. काचेचा रंग गडद हिरवा असला तर पांढरं मेण त्यावर उठून दिसतं. पारदर्शक बाटलीत आतली वाळू, खडे दिसतात, तिचा थाट वेगळा.

लेबल काढणं

बादलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी, त्यात दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा. बाटलीतही तेच पाणी भरा, नाहीतर ती तरंगते आणि अर्धं लेबल कोरडं राहतं. रात्रभर बुडवून ठेवलं की जुन्या पद्धतीच्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाची लेबलं सकाळी आपोआप बादलीत तरंगताना दिसतात.

नाही सुटलं तर ते स्टिकरवालं लेबल आहे. त्याच्या गोंदाला पाण्याने काही होत नाही, तो उष्णतेने मऊ होतो. बाटली कोरडी करा, आत आधी कोमट आणि मग हळूहळू जास्त गरम पाणी भरा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि कोपरा नखाने उचलून सावकाश ओढा. थंड बाटलीत एकदम उकळतं पाणी ओतायचं नाही. बाटलीची काच आपल्या घरातल्या साध्या काचेचीच असते. ती उष्णता झटकन पसरवत नाही, त्यामुळे एक बाजू फुगते आणि दुसरी थंडच राहते, आणि त्या ओढाताणीत तडकते. हेच लक्षात ठेवा, पुढे मेणबत्ती पेटवतानाही उपयोगी पडेल. हेअर ड्रायर असेल तर काम आणखी सोपं.

उरलेल्या चिकट थरावर खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा समप्रमाणात कालवून लावा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि नारळाच्या शेंडीने घासा. तारेची घासणी नको, ओरखडे पडतात आणि पेटल्या मेणबत्तीत ते सगळे दिसतात. शेवटी भांड्यांच्या साबणाने तेल पुरतं काढा, नाहीतर पुढे फेविकॉल धरणार नाही.

गळ्यावरचं वेष्टन सुरीने चीर देऊन काढा. नाशिककडच्या बऱ्याच बाटल्यांना बूच नसतं, आट्याचं झाकण असतं. झाकण उघडल्यावर खाली ॲल्युमिनियमची एक कडी राहते, तिची कड ब्लेडसारखी असते. पक्कडीने मुरगळून काढा, बोटांनी नको. मला दोन टाके पडता पडता राहिले आहेत.

धुतल्यावर बाटली आतून वाळायला हवी. उपडी ठेवून पाणी निथळू द्या आणि मग दोन दिवस सरळ उभी करून उन्हात ठेवा. उपडीच ठेवली तर वाफ आतच राहते. पावसाळ्यात चार दिवस धरा. घाई करून दमट बाटलीत वाळू भरली की काच आतून धुरकट होते आणि मग तो धुरकटपणा कशानेच निघत नाही.

पोटात वजन

रिकामी बाटली साधारण ४०० ते ६०० ग्रॅम भरते. वर पाव मीटर लांब मेणबत्ती ठेवली की सगळं मिळून अर्ध्या मीटरपेक्षा उंच होतं. हाताचा एक धक्का किंवा मांजराची शेपटी पुरे. म्हणून पोटात वाळू भरायची. तिसरा हिस्सा भरला तरी जवळपास चारशे ग्रॅम वजन वाढतं आणि तेही तळाशी, जिथे ते हवं असतं.

शेजारी बांधकाम चालू असेल तर वॉचमनकाकांना विचारून एक डबाभर वाळू आणा. पिठाच्या जुन्या चाळणीने चाळा, दोन पाण्यांतून धुवा, गच्चीवर पेपरवर पसरून कडक वाळवा. कागदाचं नरसाळं करून भरा. पारदर्शक बाटली असेल तर कुंडीत टाकायचे बारीक गोटे छान दिसतात, फक्त गळ्यातून जातील एवढेच घ्या आणि बाटली तिरकी धरून एकेक सोडा. सरळ उभ्या बाटलीत वरून टाकलेला गोटा तळ फोडू शकतो. आत पाणी भरायची कल्पना सगळ्यांना सुचते. एका संध्याकाळपुरतं ठीक आहे, आठवडाभर ठेवलं तर शेवाळ धरतं.

गळा

आता खरं काम. वाइनच्या बाटलीचं तोंड आतून साधारण १८-१९ मिलिमीटर असतं. जेवणाच्या टेबलावर लावायच्या उंच, निमुळत्या मेणबत्त्यांचा बुंधा बहुधा २२ मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे दिसायला "बसेल" अशी वाटणारी मेणबत्ती बसत नाही. उलट लाइट गेल्यावर लावायच्या किराणा दुकानातल्या साध्या मेणबत्त्या बारीक असतात आणि तोंडात खडखडतात. जुनं बूच खिशात टाकून माप म्हणून दुकानात नेऊ नका. बूच बाटलीत दाबून बसवलेलं असतं, बाहेर काढल्यावर ते फुगतं आणि तोंडापेक्षा बरंच जाड होतं.

माप असं घ्या. जाडसर कागदाच्या पट्टीची घट्ट सुरळी करा, बाटलीच्या तोंडात घाला आणि सैल सोडा. ती आपोआप उलगडून काचेला आतून चिकटेल. तशीच धरून वरच्या टोकाला सेलोटेप लावा आणि बाहेर काढा. ही सुरळी तुमच्या बाटलीच्या तोंडाचं अचूक माप. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला किंवा तुळशीबागेत मेणबत्त्या घ्यायला जाताना ती पर्समध्ये टाका आणि मेणबत्तीच्या बुंध्याशेजारी धरून बघा. दुकानदार हसतो, हसू द्या.

मेणबत्ती किंचित जाड असेल तर सुरीने कोरडी तासू नका, कपचे उडतात आणि बुंधा दुभंगतो. एका वाटीत गरम पाणी घ्या, खालचा अडीच-तीन सेंटीमीटर भाग त्यात अर्धा मिनिट धरा. मेण पेढ्यासारखं मऊ होतं. आता सुरीने वरून खाली पातळ साली काढा, शेपूट निमुळतं करा, पुसून घ्या आणि ऊब आहे तोवर बाटलीत घालून पिळ्यासारखं फिरवत दाबा. जोर सरळ खाली द्यायचा नाही, फिरवत द्यायचा. निदान दोन सेंटीमीटर तरी आत गेली पाहिजे. मग बाटली डोळ्यांसमोर धरून चारी बाजूंनी बघा. दाराच्या चौकटीशी ताडून बघितलं की कललेली लगेच कळते. मेण गार व्हायच्या आत हलक्या हाताने सरळ करता येते, नंतर नाही.

मेणबत्ती बारीक असेल तर बुंध्याला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा. दोन सेंटीमीटर रुंद घडीची पट्टी, तीन-चार वेढे, एकेक वेढा वाढवत तोंडात बसवून बघत. शेवटचा वेढा किंचित घट्टच झाला पाहिजे. कागद, कापूस, कापडाची चिंधी यांपैकी काहीही वापरू नका. मेणबत्ती जळत खाली आली की तो कागद मेण पितो आणि माझ्या सुतळीची गोष्ट पुन्हा घडते. वितळलेलं मेण ओतून चिकटवणं हा फक्त जोडीचा उपाय आहे. थंड काचेवर मेण नीट धरत नाही, गार झालं की आकसतं आणि मेणबत्ती बुडातून सुटते. फॉइलने घट्ट बसवा आणि मगच कडेने थोडं मेण सोडा.

परीक्षा सोपी आहे. बाटली आडवी धरून हलकेच हलवा. मेणबत्ती जागची हलली नाही तर पुढे जा. हलली तर काढा आणि पुन्हा करा. इथे कंटाळा केलात तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

ओघळ की सुतळी

दोन्ही एका बाटलीवर नकोत, हे मी पातेल्याच्या साक्षीने शिकले आहे. एक निवडा.

मला स्वतःला ओघळ जास्त आवडतात. ही पद्धत इटलीतल्या साध्या खाणावळींमधून आली. तिथे खाली गवताचं विणकाम असलेली गोल पोटाची कियांती वाइनची बाटली असते, फियास्को म्हणतात तिला. रिकामी झाली की तिच्यावर मेणबत्ती खोचायची आणि मेण साचत जाऊ द्यायचं. म्हणजे मुळात ते कुणी "केलेलं" नसतं, रोजच्या वापराने झालेलं असतं. आपण ते मुद्दाम करतो म्हणून थोडी युक्ती लागते.

स्वस्त मेणबत्त्या घ्या. महागड्या मेणबत्त्या न ओघळण्यासाठीच बनवलेल्या असतात, त्यांच्या बाहेरचा थर जास्त तापमानाला वितळतो. इथे आपल्याला उलट हवं आहे. बाटलीचे खांदे हेअर ड्रायरने कोमट करा, म्हणजे पहिला थर काचेला धरून बसेल. थंड काचेवर पडलेलं मेण दोन दिवसांनी पापुद्र्यासारखं निघून येतं. मग दुसरी मेणबत्ती पेटवून हातात तिरकी धरा आणि बाटलीच्या तोंडाच्या कडेवर थेंब सोडा. अंगावर नाही, कडेवर. तिथून मेण स्वतःची वाट शोधतं आणि ओघळ खरा वाटतो. अंगावर टाकलेले थेंब कांजिण्यांसारखे दिसतात.

बाटली खाली ताटात ठेवा आणि दर पाच-सात थेंबांनी पाव वळसा फिरवा. एक थर पांढुरका होऊन गोठला की पुढचा. गरम थरावर गरम मेण सोडलं की दोन्ही मिळून सपाट पसरतात, मग ओघळाची धार राहत नाही. पहिल्या दिवशी दोन-तीन मेणबत्त्यांचं मेण पुरे. पुढचं काम रोजच्या वापरावर सोडा. आठ-दहा मेणबत्त्या जळून गेल्या की बाटलीला जे रूप येतं ते एका दुपारी आणता येत नाही. रंगांच्या बाबतीत माझं मत कडक आहे: पांढरा, पिवळसर, फार तर विटकरी. लाल-हिरवा-निळा एकत्र केला की रंगपंचमी होते.

आता सुतळी. मंडईच्या आसपास सुतळी-दोऱ्यांची दुकानं आहेत, तिथे "तागाची, तीन मिलीची" म्हणून मागा. काथ्याची दोरी रांगडी दिसते खरी, पण बोटं सोलतात. सगळी बाटली झाकायची नाही. तळापासून वर सहा-सात सेंटीमीटरचा पट्टा पुष्कळ झाला. बाटलीचा घेर साधारण साडेतेवीस सेंटीमीटर, तीन मिलिमीटरची सुतळी, म्हणजे सहा सेंटीमीटरच्या पट्ट्याला वीस वेढे आणि जवळपास पाच मीटर सुतळी. सहा मीटर कापा, थोडी सांडलवंड होतेच. तोंडापासून खाली किमान दहा सेंटीमीटर काच उघडी राहिली पाहिजे, त्याहून वर सुतळी नेऊ नका. आणि या बाटलीवर न ओघळणारीच मेणबत्ती लावा.

सुतळीचा गुंडा एका डब्यात ठेवा, नाहीतर तो सोफ्याखाली पळतो. बाटलीच्या तळाशी दोन बोटं रुंद फेविकॉल ब्रशने लावा, चिकट होईपर्यंत दोन मिनिटं थांबा. सुतळीचं टोक उभं चिकटवा आणि त्याच्यावरून वेढे घ्या, म्हणजे ते आपोआप दडतं. बाटली फिरवायची, सुतळी नाही. सुतळी डाव्या हातात ताणून धरली आणि उजव्या हाताने बाटली मांडीवर फिरवली की वेढे एकसारखे बसतात. दर चार वेढ्यांनी नखाने किंवा बोथट सुरीने वेढे खाली सरकवून फट बुजवा. शेवटचं टोक सुईने मागच्या दोन वेढ्यांखालून ओवून घ्या. बाहेर आलेले तंतू कात्रीने कापा. व्हिडिओंमध्ये ते लायटरने जाळताना दाखवतात, ते तुम्ही करू नका.

उन्हाळ्यात रात्रभरात वाळतं. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस पंख्याखाली ठेवा आणि नंतरही भिंतीला टेकवून ठेवू नका. पुण्याच्या पावसात ओली सुतळी आठवड्यात काळे ठिपके दाखवते.

रंगाबद्दल थोडक्यात: खडूसारखा पांढरा रंग देऊन मग घासून जुनाट दिसणं आणतात, मी दोनदा केलं, दोन्ही वेळा मेण पडलं की रंगाचा पोपडा आला. काच ही काच दिसली तर जास्त बरी.

बाटली कापून वर काचेचा घुमट करायची हौस प्रत्येकाला येते. पेट्रोलमध्ये किंवा नेलपेंट रिमूव्हरमध्ये बुडवलेला दोरा बाटलीला बांधून पेटवायचा आणि थंड पाण्यात बुडवायची, हा प्रकार घरी करू नका. चीर सरळ जाईल याचा भरवसा नसतो आणि एका हातात आग, दुसऱ्या हातात काच असते. हवीच असेल तर फोटोफ्रेम-काचेच्या दुकानात विचारा, गोल बाटली कापणारे थोडे असतात पण असतात. कापून आणल्यावर कड पाण्याखाली धरून काचेला चालणाऱ्या सँडपेपरने घासा, आधी जाड दाण्याचा, मग बारीक. कोरडी घासली तर काचेची भुकटी हवेत उडते आणि नाकातोंडात जाते. तोंडावर मास्क हवाच.

पेटवताना

पहिलं काम म्हणजे पंखा बंद करा. आपल्याकडे हेच विसरतात. वरून वारा आला की ज्योत एका बाजूला झुकते, तिथली कड आधी वितळते आणि सगळं मेण तिकडूनच वाहतं. मग लोक मेणबत्तीला नावं ठेवतात. पंखा लागणारच असेल तर त्या दिवशी मेणबत्ती नको.

वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून बाकीची कापा, लांब वात धूर करते. बाटली परातीत किंवा जुन्या स्टीलच्या ताटात ठेवा, टेबलक्लॉथ वाचतो. पडद्यापासून हातभर लांब. देवघराजवळ ठेवायच्या आधी घरातल्या ज्येष्ठांना विचारा, बाटली कशाची होती हे त्यांना आठवत असतं.

साधी उंच मेणबत्ती तासाला साधारण अडीच सेंटीमीटर जळते. म्हणजे पाव मीटरची मेणबत्ती जेवण, गप्पा आणि बडीशेपेपर्यंत आरामात पुरते, पण संपेपर्यंत जळू द्यायची नाही. बाटलीच्या तोंडावर चार-पाच सेंटीमीटर उरली की विझवा. ज्योत काचेजवळ आली की तोंड तापतं, खालचा गळा थंडच असतो, आणि लेबल काढताना जी भीती होती तीच इथे खरी होते. फुंकर मारली तर मेण उडतं. आमच्याकडे तसंही फुंकर मारून दिवा घालवायचा नाही असा दंडक आहे, त्यामुळे वाटी पालथी धरून विझवतो. तेच बरोबर आहे.

मेण पेटलं तर पाणी ओतू नका, जळतं मेण उडतं. झाकण घालून हवा तोडा. झाकण बसणार नसेल तर घट्ट पिळलेला ओला फडका हळूच वर टाका, भिरकावू नका.

एप्रिल-मे महिन्यांत मेणबत्त्या बाल्कनीत किंवा गाडीत ठेवू नका. मेण वितळायला साठच्या आसपास तापमान लागत असलं तरी मऊ पडायला त्याहून बरंच कमी पुरतं. वैशाखातल्या एका दुपारी खिडकीतल्या माझ्या तीन मेणबत्त्यांनी एकाच वेळी मान टाकली होती, वर्गात डुलक्या काढणाऱ्या मुलींसारखी. उन्हाळ्यात त्या कपाटात आडव्या ठेवा, पेटवायच्या दिवशी अर्धा तास फ्रीजमध्ये.

गुरुवारी दुपारी लाइट जायची पुण्याला जुनी सवय आहे. तेव्हा मेणबत्तीचा काही उपयोग नसतो, उजेड असतोच, हवा असतो पंखा. तरी आमच्या सासूबाई एक बाटली ओट्याच्या कोपऱ्यात काडेपेटीसकट तयार ठेवतात. सुतळी नसलेली.

पुढची मेणबत्ती आणि शेवटची बाटली

गळ्यात अडकलेलं खोड सुरीने उकरू नका. बाटली तासभर फ्रीजमध्ये ठेवा, मेण आकसतं, मग फॉइलसकट पिळून निघतं. नाहीच निघालं तर गळ्याभोवती कोमट पाण्यात भिजवलेला फडका गुंडाळून थांबा. निघालेलं मेण बेसिनमध्ये टाकायचं नाही, पाइपात गोठतं. मी ते डब्यात साठवते, दिवाळीत पणत्यांत वितळवून वापरते. वितळवताना भांडं थेट गॅसवर नको. पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं, आणि गॅसपासून हलायचं नाही.

बाटलीला तडा दिसला, अगदी केसाएवढा, तर ती कितीही सजलेली असली तरी द्यायची. सुतळी कापून ओल्या-सुक्यातल्या योग्य डब्यात, मेण खरवडून, काच वेगळी. फुटलेली असेल तर जाड कागदात गुंडाळून वर मोठ्या अक्षरांत "काच" लिहा, कारण ती कुणाच्या तरी हातात जाणार असते. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची जी संघटना उभी राहिली तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. काच नावातच आहे. आमच्याकडे येणाऱ्या ताई बाटली घेतात, उचलून एकदा हलवतात, आतून खरखर आली की परत माझ्या हातात देतात. "वाळू काढा वहिनी, मग न्या म्हणा."